तातोबाचे हातमोजे

चिंचगुंडीच्या जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान दुपारी तीनला भरलं आणि साडेतीनला रणधीर मगदूमची भुवई फुटली. समोरच्या पैलवानाचं डोकं असं आदळलं की नारळ फुटल्यासारखा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. रणधीर पडला नाही. डोळ्यात रक्त उतरत असताना त्याने ढाक लावली, समोरच्याला आस्मान दाखवलं आणि मगच गुडघ्यावर बसला. मैदानाने त्याला डोक्यावर घेतलं. दोन-तीनशे माणसांनी त्याला हलगी वाजवत, गुलाल उधळत थेट ग्रामीण रुग्णालयात आणलं. भुवई फुटली याचंही त्यांना कौतुकच होतं.

रुग्णालयात ड्रेसर होता तातोबा हिंगमिरे. जखमा धुवायच्या, टाके घालायचे, पट्ट्या बदलायच्या, हे त्याचं काम. वय सत्तेचाळीस, मान अजून बैलासारखी, दोन्ही कान चुरगळलेले. जाणत्या माणसाने त्या कानांवरूनच ओळखावं की हा जुना पैलवान आहे. ते कोणी ओळखू नये म्हणून तातोबा टोपी कानांवर ओढून घ्यायचा आणि तोंडावरचा मास्क जेवतानाच काढायचा. बदली होऊन आठ महिने झाले होते, पण दिवसाउजेडी तो एकदाही पेठेत गेला नव्हता. गाव त्याचंच होतं. म्हणून तर गेला नव्हता.

"पेशंट सोडून सगळे बाहेर व्हा," ग्रेस सिस्टर दारात आडवी उभी राहून म्हणाली. ग्रेस आवळे पाच फुटांचीसुद्धा नव्हती, पण तिने आवाज चढवला की हलगी थांबायची. मुजावर डॉक्टरीणबाई वरच्या मजल्यावर एका अडलेल्या बाळंतिणीपाशी होत्या. गर्दी व्हरांड्यात थांबली आणि ड्रेसिंगच्या खोलीचं दार लागलं.

रणधीर टेबलावर आडवा झाला. बावीस वर्षांचा होता, अंग घोटून घोटून घडवलेलं. "दुखंल का ओ मामा?" त्याने विचारलं.

"मैदानात दुखलं न्हाई, आता काय दुखतंय?" तातोबा म्हणाला. त्याने कापसाने रक्त टिपलं, कापूस ट्रेमध्ये टाकला, बाटलीतलं पाणी जखमेवर आणि कापसावर फवारलं आणि दिवा ओढून घेतला.

या दिव्याबद्दल सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३६ साली, तो सगळ्या सरकारी दवाखान्यांत आला. एचआयव्हीचा विषाणू रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींत शिरतो. आत शिरण्याआधी त्याला पेशीच्या अंगावरची एक कडी धरावी लागते. शास्त्रज्ञांनी हुबेहूब त्या कडीसारखं प्रथिन तयार केलं आणि ते फवाऱ्याच्या पाण्यात सोडलं. विषाणू फसतो आणि खरी कडी समजून या खोट्या कडीला चिकटतो. चिकटला की प्रथिनाची घडी उलगडते, आणि उलगडलेलं प्रथिन दिव्याच्या जांभळ्या उजेडात निळं चमकतं. पक्की तपासणी नंतर करायचीच, पण संशय मिनिटभरात कळतो. ज्याला आपल्या दुखण्याचा पत्ताच नाही त्याला तो लागावा आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू व्हाव्यात, एवढाच हेतू होता.

दिव्याबरोबर एक पत्रक यायचं, ते कोणी वाचलं नाही. रोज गोळ्या घेणाऱ्याच्या रक्तात फिरणारा विषाणू इतका कमी होतो की दिव्याखाली काहीच चमकत नाही, आणि त्याच्या हातून कोणाला बाधा होण्याची भीतीही राहत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. लोकांनी काय केलं? त्या निळ्या चमकेला 'चांदणं' म्हणायला लागले. अमक्याला चांदणं लागलंय, तमकी चांदण्यातली. लग्नाच्या बैठकीत पोरीला दिव्याखाली बसवा म्हणून अडून बसले. एका गावात मास्तरचं घर जाळलं. मग सरकारने दिव्याला काळं रबरी झाकण बसवलं, एका डोळ्याने बघायचं भोक ठेवलं आणि दिसलं ते फोडणाऱ्याला शिक्षा ठरवली. माणसाची अक्कल मात्र होती तिथेच राहिली.

तातोबाने भोकाला डोळा लावला. रणधीरची भुवई निळी पेटली होती. ट्रेमधला कापूसही पेटला होता.

टाके घालून झाले की पोराला शेजारच्या खोलीत बसवायचं, डॉक्टरीणबाईंना बोलवायचं आणि हळू आवाजात सांगायचं, असा नेम होता. हे सांगताना माणसाचा चेहरा कसा होतो ते त्याला ठाऊक होतं. बावीस वर्षांपूर्वी त्याचा स्वतःचाच तसा झाला होता.

तेव्हा तातोबा मगदूमांच्या तालमीत होता. आप्पा मगदूम त्याचा जोडीदार. एका ताटात जेवायचे, एका घोंगड्यावर झोपायचे. मिरजेच्या दवाखान्यात रोग कळला तेव्हा तातोबाने तो फक्त आप्पाला सांगितला. "कुणापासनं?" एवढंच आप्पाने विचारलं. दुसऱ्या दिवशी तालमीतल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी त्याचा लंगोट जाळला, आणि त्याचा घाम मुरला म्हणून आखाड्यातली लाल माती हातभर खोल खणून ओढ्यात टाकली. ताक, हळद, तेल घालून वर्षानुवर्षं मुरवलेली माती ती! गावाला सांगितलं की मातीला वाळवी लागली. माती फेकली तेव्हा तातोबा ओढ्याच्या पलीकडे उभा होता. त्यानंतर तो कोणापाशी रडला नाही. मिरजेला राहिला, काम शिकला, गोळी एक दिवस चुकवली नाही. दर सहा महिन्यांनी तो स्वतःचं बोट या दिव्याखाली धरायचा आणि ते दर वेळी काळंच असायचं.

त्याने सुई उचलली. एक टाका, दोन, तीन. चौथ्या टाक्याला दार धाडकन उघडलं.

"कुठं हाय पोरगं माझं?" आप्पा मगदूम आत आला. आता तो तालमीचा वस्ताद होता, डोक्याला फेटा, पोट सुटलेलं, हात मात्र तेच. मागून ग्रेस सिस्टर त्याची बंडी ओढत होती. आप्पाने मुलाकडे बघितलं, मग टाके घालणाऱ्याच्या हाताकडे, मग टोपीतून बाहेर आलेल्या कानाकडे. जो कान आपल्याच खांद्याखाली रगडून मोडला तो कान माणूस विसरत नाही.

"तातोबा?"

तातोबाने धाग्याला गाठ मारली. "भाईर थांब, आप्पा. तीन टाकं ऱ्हायल्यात."

"तू... तू हात लावलास त्याला? माझ्या पोराच्या रक्तात हात घातलास?" आप्पाचा आवाज व्हरांड्यात गेला. "आरं, ह्याला चांदणं हाय! बावीस वर्सं झाली! ह्याच्यापायी माती खणली आमी!"

एवढं पुरलं. लोंढा आत घुसला. ग्रेस सिस्टर भिंतीवर आदळली. पहिला दणका तातोबाच्या पाठीत बसला, दुसरा कानशिलावर. कोणाची तरी काठी वर लागून ट्यूबलाइट फुटली आणि पडदे ओढलेली खोली अंधारली. ट्रे उडाला, फवाऱ्याची बाटली फरशीवर फुटून पाणी चहूकडे पसरलं. दिवा कलंडला आणि त्याचं रबरी झाकण निसटून कोपऱ्यात गेलं.

जांभळा उजेड फरशीवरून खोलीभर पडला, टेबलावर उताणं पडलेलं पोरगं तेवढं सावलीत राहिलं. त्या उजेडात तातोबाचे दोन्ही हात निळे चमकत होते.

सगळे मागे सरले. मग कोणीतरी किंचाळलं, "हात बगा त्याचं! हातातनंच गळतंय!"

हात नव्हते चमकत. चमकत होते हातमोजे आणि त्यांना लागलेलं रणधीरचं रक्त. एवढी शंभर डोकी, पण एकाच्याही डोक्यात आलं नाही की त्या हातांवर मोजे आहेत. तातोबाच्या कपाळातून रक्ताची धार लागली होती, ती त्याच फुटलेल्या बाटलीच्या पाण्यात टपकत होती, आणि तिथे काळ्याकुट्ट डागाशिवाय काही दिसत नव्हतं. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं ते. कोणी बघेल तर ना!

तातोबाला कळत होतं. हातमोजे ओढून काढायचे आणि कोरडे काळे हात वर धरायचे, एवढंच करायचं होतं. बघा म्हणावं, माझं नाही. आणि मग ही सगळी डोकी एकदम टेबलाकडे वळली असती. टेबलावर भुवईला अर्धवट धागा लोंबणारा पोरगा उताणा पडला होता, आणि खोलीत फुटक्या काचा आणि काठ्या होत्या. अर्ध्या तासापूर्वी ज्याला खांद्यावर नाचवलं त्याचं हे लोक काय करतील ते तातोबाला सांगायला नको होतं.

त्याने दोन्ही मुठी घट्ट आवळल्या, कोणी मोजे ओढू नयेत म्हणून, आणि लाथ मारून दिवा भिंतीवर फोडला.

"माझंच हाय ते," तो अंधारात म्हणाला. "पोराला काय झालं न्हाई. त्याला भाईर न्या."

"दादा!" ग्रेस सिस्टर ओरडली. तिने सगळं बघितलं होतं. "अहो, खोटं..."

"सिस्टर, पोराला भाईर न्या म्हंतोय न्हवं!"

पुढचं लांबवण्यासारखं नाही. त्यांनी त्याला व्हरांड्यात ओढला, तिथून पायऱ्यांवरून अंगणात. लाथा, काठ्या, कुंपणाचा दगड. एका बाईने चप्पल काढून मारली, आणि तिच्या पोराचा भाजलेला पाय गेल्याच महिन्यात तातोबाने अठरा दिवस रोज धुतला होता. बरगडी मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. शेवटी आप्पाने सगळ्यांना बाजूला केलं. त्याने तातोबाचा उजवा हात मनगटात धरला, कोपर स्वतःच्या गुडघ्यावर टेकवलं आणि तालमीत दोघे मिळून शिकले होते तसाच, बेताने, हात उलटा दाबला. मनगट मोडलं. मग चपलेच्या टाचेने बोटं. तातोबा ओरडला, खूप ओरडला, पण मूठ उघडली नाही.

वरून मुजावर डॉक्टरीणबाई बाळंतिणीचं रक्त अंगावर तसंच घेऊन धावत आल्या, तेव्हा लोक पांगले.

*

तातोबाला त्याच रुग्णालयात खाट मिळाली. तीन बरगड्या, मनगट, तीन बोटं. पहिली रात्र त्याला आठवत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेस सिस्टर कोमट पाण्याची वाटी घेऊन बसली आणि त्याच्या केसांत वाळलेलं रक्त बोटांनी सोडवायला लागली. वॉर्डातले पेशंट बघत होते. दोघांनी खाटा लांब ओढून घेतल्या, तेव्हा तिने उठून त्या स्वतः परत जागेवर सरकवल्या आणि पुन्हा येऊन बसली.

"मोजे कापून काढले मी काल," ती म्हणाली. "मूठ उघडत नव्हती तुमची."

"जाळलं न्हवं ते?"

"जाळले. आणि मी बोलणार होते दादा. आजही बोलेन."

"बोलायचं न्हाई. मार खाल्ला त्याची फिर्याद मी देणार. मारणाऱ्याचं नाव सांगणार, सोडणार न्हाई. पर दिव्याखाली काय दिसलं ते तुमच्या-माझ्यात आन् बाईंच्यात. शिकवलंय काय आपल्याला?"

"शिकवलेलं पाळायला हात मोडून घ्यायचा असतो का?" ग्रेस चिडून म्हणाली, आणि मग तिला रडू कोसळलं. तातोबाही रडला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणासमोर रडला, आणि बरगड्यांमुळे धड रडताही येईना.

फिर्याद दिली गेली. आप्पाला पोलिसांनी उचललं, दोन दिवसांनी तो जामिनावर सुटला. रणधीरचे उरलेले टाके त्या दिवशी बाईंनीच घातले होते, पण लोकांच्या गराड्यात त्याला काही सांगणं जमलं नव्हतं, म्हणून त्यांनी दोनदा निरोप पाठवला: टाके दाखवायला ये. तो आला नाही. तातोबाचा जीव आता मोडक्या हातात नव्हता, त्या पोरात अडकला होता. पोरगं आलंच नाही तर मार फुकट गेला.

पाचव्या दिवशी सकाळी बाह्यरुग्ण विभागाची गर्दी असताना रणधीर वॉर्डात आला. खाटेपाशी उभा राहिला. भुवईवर सात टाके होते.

"चार तुमचं, तीन मॅडमचं," तो म्हणाला. "तुमचं सरळ आल्यात."

"बस."

तो बसला नाही. "मामा, कापूस मी बघितला हुता. ट्रेतला. बाटली फुटली आन् उजेड पडला, तवा. त्येच्यावर तुमचं रक्त नव्हतं. माझंच हुतं. आन् तुमचं कपाळ गळत हुतं ते काळं पडत हुतं फरशीवर." "मी बगत हुतो आन् गप ऱ्हायलो. भ्यालो."

"भ्यालास ते बरं केलंस," तातोबा म्हणाला. "बोलला असतास तर आज हितं उभा नसतास. मी बी भ्यालोच हुतो."

तेव्हा रणधीर खाटेच्या कडेला बसला आणि त्याने विचारलं की आता मी मरणार का. माझ्याकडं नीट बघ, तातोबा म्हणाला. मार सोडून दे, बाकीचा बघ. बावीस वर्सं. रोज एक गोळी, चहाबरोबर. कुस्ती खेळशील, लग्न करशील, पोरं होतील, त्यांनाबी काय होणार न्हाई, फक्त गोळी चुकवायची न्हाई. मग म्हणाला, "तुला कुणापासनं झालं ते मी इचारणार न्हाई. फक्त एवढं सांग, आणखी कुणाला बोलवायला पायजे का?"

रणधीरने फरशीकडे बघत तालमीतल्या सुईचं सांगितलं. मैदानाच्या आधी दोन महिने ताकदीचं औषध टोचून घ्यायची नवी चाल पडली होती. औषधाच्या बाटल्या वेगळ्या, पण सुई एकच. वस्तादांचं म्हणणं, एका ताटात जेवणारी, एका मातीत लोळणारी पोरं. सुई येगळी मागंल त्याच्या मनात खोट हाय. पहिली सुई वस्तादांनी स्वतः घ्यायची, मग त्यांच्याच हाताने थोरल्यापासून धाकट्यापर्यंत, रांगेने. मानाची गोष्ट होती ती.

"किती जण?"

"अकरा. आन् आबा, आमचं वस्ताद."

तातोबाने डोळे मिटले. ज्या हाताने त्याचं मनगट मोडलं त्याच हातात ती सुई असायची, हे त्याला दिसत होतं. एक क्षण, अगदी एकच क्षण, त्याला आनंद झाला. मग त्याची त्यालाच शिसारी आली.

"सगळ्यांना घेऊन ये," तो म्हणाला. "मागच्या दारानं न्हाई. केसपेपर काढून, फुडनं."

*

ते आणखी तीन दिवसांनी दुपारी आले. हलगी नाही, गुलाल नाही. अकरा पैलवान व्हरांड्यातल्या बाकावर ओळीने बसले आणि बाक वाकलं. व्हरांड्यातल्या लोकांना वाटलं, हे परत मारायलाच आलेत. दोन बायका पोरं उचलून बाहेर पळाल्या.

आप्पा पहिला आत आला. पहिली सुई त्याची, तसा पहिला नंबरही त्याचाच. मुलाने त्याला काय सांगितलं आणि कसं, ते कोणाला कळलं नाही, पण त्याच्या डोक्याला फेटा नव्हता. खोलीत नवा दिवा होता, ग्रेस सिस्टर होती, आणि उजवा हात गळ्यात बांधलेला तातोबा स्टुलावर बसला होता. बाईंनी आराम करायला सांगितलं होतं. तो ऐकणार थोडाच!

"बस. बोट फुडं कर."

आप्पाने हात पुढे केला. तातोबाने डाव्या हाताने त्याचं मनगट धरून टेबलावर टेकवलं. आप्पाने त्या उघड्या हाताकडे बघितलं.

"मोजा न्हाई घालत?"

"एका हातानं चढत न्हाई. दुसरा तू मोडलास न्हवं. टोचायचं सिस्टर करतील, मी नुसता धरतोय."

मोजे घातलेल्या ग्रेसने बोटाला टोचलं, थेंब काढला, फवारा मारला आणि झाकणाच्या भोकाला डोळा लावला. मग दिवा आप्पाकडे वळवला. बघायचा पहिला हक्क त्याचा होता. आप्पाने डोळा लावला. त्याच्या बोटावरचा थेंब निळा पेटला होता.

"कुणापासनं आलं आसंल?" तो म्हणाला. "त्या पोरांतल्या कुणी..."

"ते हितं इचारत न्हाईत. मला तू इचारलं हुतंस."

आप्पाने मान खाली घातली. त्याचा चेहरा म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला. तातोबाने मनगट सोडलं नव्हतं.

"माती खणायला लागंल," आप्पा पुटपुटला. "सगळी. अकरा पोरांचा घाम..."

"माती ऱ्हाऊ दे," तातोबा म्हणाला. "माती बिचारी काय करती? सुई टाक."

आप्पा रडायला लागला. मोठा, ओबडधोबड आवाज करत, लहानपणी पडल्यावर रडायचा तसा. ग्रेसने बोटाला कापूस लावला आणि तो दाबून धरायला सांगितला.

"माफ केलंस का रं मला?"

"न्हाई," तातोबा म्हणाला. "फिर्यादबी मागं घेणार न्हाई. कोर्टात सगळं सांगीन, फक्त दिव्याचं सोडून. उद्या सकाळी न्याहारी करून ये. पक्की तपासणी हुईल, बाई गोळ्या सुरू करतील. पयलं आठ-धा दिस पोटात ढवळतंय, घाबरायचं न्हाई. ढवळलं तर मला येऊन सांग."

मग त्याने मनगट सोडलं, स्टुलावरून उठला, बरगड्या सांभाळत दारापर्यंत गेला आणि डाव्या हाताने कडी काढून बाहेरच्या बाकाकडे बघितलं.

"दुसरा कोण हाय? या आत."